बुजवलेल्या भेगा

हिवरवाडीच्या व्यंकटीला शिसारी फार लवकर येई. ताकात केस दिसला की तो ताटावरून उठे. पंगतीत शेजारचा माणूस भुरके मारत आमटी प्यायला लागला की हा तोंड फिरवून बसे. गावात त्याला 'सोवळा व्यंकटी' म्हणत, आणि त्याची बायको कडूबाई म्हणे, "ह्यायनी जल्माला येतानाबी नाक दाबून धरलं आसंल." असल्या तिखट नाकाच्या माणसाने आयुष्याची अकरा वर्षं औषधाच्या बाटल्या वाहण्यात घालवावीत, याला काय म्हणावं? पोटाला नाक नसतं, दुसरं काय.

मानवत रोडच्या अलीकडे माती आणि पाण्याचा अभ्यास करणारं एक सरकारी केंद्र होतं, तिथे तो रोजंदारीवर होता. घरचं तीन एकर रान होतं, पण ते कालव्याच्या शेवटच्या चारीच्याही पलीकडे. पाणी तिथवर कधी पोचलंच नाही. ज्यांच्या रानात पोचलं त्यांनी ज्वारी-तूर सोडून ऊस, भुईमूग आणि पाण्याखालचा कापूस धरला. कापसामागून कीड आली, किडीमागून औषधाची पोती आली. एक दाणेदार औषध तर असं घाण वासाचं, की माल आल्याचं दुकानाच्या दारातूनच कळावं. लसूण कुजवून त्यात काडेपेटीचा गूल खलावा, तसा तो वास. लागवडीच्या वेळी ते सरीत टाकायचं आणि वरून कालव्याचं पाणी मोकाट सोडायचं, ही सगळ्यांची रीत.

हे औषध पाण्याबरोबर मातीत किती खोल उतरतं, विहिरीपर्यंत जातं की वरच राहतं, याचं गणित बसवायला केंद्रात देशमाने साहेब आले. माणूस हुशार, हसतमुख, इस्त्रीच्या पँटीला चिखल लागू न देणारा. त्यांनी व्यंकटीला एकदा समजावूनही सांगितलं होतं. "हे बघ, माती किती चिकण आहे, पाणी किती दिलं, ऊन किती पडलं, औषध किती टाकलं, एवढं गणिताला सांगायचं. मग गणित सांगणार, पंधरा दिवसांनी औषध किती खोल असेल. एकदा का गणित बसलं की कुणाच्या शेतात खड्डा खणायची गरज नाही. पुण्यात बसून हिवरवाडीची माती कळेल."

उंटावरून शेळ्या हाकायचाच हा प्रकार. पण साहेबापुढे असं बोलायची सोय नव्हती, म्हणून व्यंकटीने मान डोलावली. आकडे पुण्याच्या संगणकाकडे जात आणि तिथून दोन्ही कडांना भोकं पाडलेल्या कागदाचे लांबलचक ताव येत. ते खरे की खोटे हे ठरवायचं व्यंकटीच्या गिरमिटाने. केंद्राच्या आवारातल्या प्रयोगाच्या प्लॉटला औषध टाकून पाणी दिलं की तो गिरमिट फिरवून वीतभर, हातभर, दोन हात खोलीची माती वर काढी, कापडी पिशवीत भरी आणि चिठ्ठी बांधी. मग आत प्रयोगशाळेत त्या मातीतलं औषध मोजत. तीन वर्षं माती आणि कागद असे जुळले की साहेब खुशीत येऊन म्हणत, "प्लॉट असावा तर व्यंकटीचा!" औषध हातभर खोलीच्या खाली गेलंच नव्हतं.

प्लॉट खरंच देखणा होता. आपली काळी माती चैत्र-वैशाखात उलते, कोपरापर्यंत हात आत जाईल अशा भेगा पडतात. व्यंकटीच्या प्लॉटात मात्र भेग शोधून सापडायची नाही. त्याचा बाप म्हणायचा, "भेगाळलेलं रान अन् फाटकं धोतर, दोन्ही आळशाची खूण." ते व्यंकटीच्या हाडात मुरलेलं. पाण्याची तारीख लागली की आदल्या दिवशी तो कुणी न सांगता कोळपं काढी, सगळ्या प्लॉटाला बारीक कोळपणी देई, भेगा मातीने बुजवी, राहिलेली ढेकळं हाताने चुरी. मग गिरमिटही सरळ जाई आणि साहेबांचे पायही मुरगळत नसत. या कामाची कुठे नोंद नव्हती, मजुरी वेगळी नव्हती. पण व्यंकटीला त्याचा अभिमान होता, आणि गरिबाच्या अभिमानाला एक 'शाबास' वर्षभर पुरते.

शहाऐंशी साली साहेबांच्या मनात आलं की गणिताला आता आसपासच्या विहिरींची साक्ष जोडावी. पाच गावांच्या पिण्याच्या विहिरी निवडल्या, त्यात हिवरवाडीची एक. शिवाय हिवरवाडीच्याच भीमनगरातला हापसा. विहीर होती तात्याराव सरपंचांच्या कापसाच्या रानाला लागून, बांधापासून तीस पावलांवर. हापसा दोनशे फूट खोल. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नामांतराचं नाव पहिल्यांदा निघालं तेव्हा, भीमनगरातली सात घरं पेटवली गेली होती. नंतर सरकारला लाज वाटली म्हणा की निधी उरला म्हणा, तिथे हापसा बसला. गावाने त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही.

त्या सात घरांतलं एक घर सितारामच्या बापाचं होतं. सिताराम केंद्रात बाटल्या धुवायला होता, व्यंकटीच्या जोडीला. नऊ वर्षं दोघं बरोबरीने सायकली हाणत, एका काडीवर दोन बिड्या पेटवत, केंद्रातल्या एकाच माठातलं पाणी पीत. गावाची शीव आली की मात्र व्यंकटीची सायकल आपोआप चार हात पुढे होई. सिताराम त्यावर कधी बोलला नाही. व्यंकटीलाही त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण सवयीची घाण नाकाला लागत नाही.

कालव्याच्या पाण्याच्या पहिल्या पाळीनंतर आठ दिवसांनी व्यंकटीने भरून आणलेल्या बाटल्यांचा निकाल लागला. चार विहिरींत थोडंथोडं औषध निघालं. हापशात काहीच नाही. हिवरवाडीच्या विहिरीचा आकडा मात्र एवढा मोठा, की साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"व्यंकटी, बाटली धुतली नव्हतीस."

"धुतली व्हती, साहेब. सितारामनं तीनदा धुतली. मी म्होरं हुबा व्हतो."

"मग तुझ्या हाताला औषध असणार." साहेबांनी तांबड्या शाईने आकडा खोडला. "असा एखादा वेडा आकडा येतोच. तो काढून टाकायचा असतो."

व्यंकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. जो माणूस भाकरीला शिवायच्या आधी चार वेळा हात धुतो त्याला घाणेरडा म्हणायचं! घरी येऊन त्याने सगळा राग कडूबाईच्या कालवणावर काढला, आणि दुसऱ्या पाळीच्या दिवशी कामावर खाडा करून औषध येतं कुठून ते बघायला तो सकाळपासून विहिरीच्या काठावर जाऊन बसला.

तात्यारावांचं विहिरीकडचं पट्टं अजून कोरडं होतं. सऱ्या पाडलेल्या, सरीत औषधाचे दाणे पडलेले, आणि आडव्या-उभ्या भेगांनी रान फाटलेलं. पाटकऱ्याने चारीचं तोंड फोडलं. पाणी सरीत शिरलं आणि दहा पावलांवर थबकलं. पुढे सरकेचना. भेगा घटाघटा पाणी पीत होत्या, आणि पाण्यावर तरंगणारे दाणे गोल फिरत त्यांच्यात गडप होत होते.

"ह्या रानाला कितीबी पाजा, तहानच भागंना," पाटकरी म्हणाला आणि दुसऱ्या चारीकडे निघून गेला.

व्यंकटी विहिरीच्या पायऱ्या उतरला. वरचं दगडी बांधकाम संपलं की खाली पिवळ्या मुरमाचा पट्टा होता. सकाळी तो कोरडा ठणठणीत होता. सूर्य डोक्यावर आला तेव्हा त्याला घाम फुटल्यासारखा ओलावा सुटला, आणि मग थेंब थेंब पाझरून विहिरीत पडू लागला. व्यंकटीने बोट लावून नाकाशी नेलं. तोच कुजक्या लसणाचा आणि गुलाचा वास.

आणि तिथेच त्याच्या डोक्यात उजेड पडला. रान फाटलेलं असतं म्हणून औषध मातीतून झिरपतच नाही. ते भेगेतून थेट खाली जातं, मुरूम धरतं आणि विहिरीत येतं. मग प्लॉटात का गेलं नाही? तिथे भेगा नव्हत्या. का नव्हत्या? व्यंकटीने बुजवल्या होत्या. तीन वर्षं पुण्याचे ताव जे जुळत होते ते मातीशी जुळतच नव्हते. ते त्याच्या कोळप्याशी जुळत होते.

त्याला तिथेच पायरीवर ओकारी झाली. वर दोन बायका पाणी शेंदायला आल्या होत्या. "काय व्यंकटीभाऊ, पित्त झालं का?" असं म्हणत त्यांनी पोहरा खाली सोडला आणि भरून वर नेला.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, चूक माझी हाय. मी भेगा बुजवत व्हतो. लोकायच्या रानात कोनी बुजवत न्हाई. तितं औषध भेगेतून सरळ खाली जायलंय. मी डोळ्यानं बगितलं, नाकानं हुंगलं."

साहेबांना कळलं नाही असं नाही. एका क्षणात सगळं कळलं, ते व्यंकटीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. कळलं नसतं तर त्यांना माफ तरी करता आलं असतं. ते उठले, दार लोटून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भेग गणितात बसत नाही, व्यंकटी. प्रत्येक भेग वेगळी, तिचं माप कोण घेणार? आणि अहवाल टाईप होऊन वर गेलाय. आता हे सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"पर साहेब, पन्नास घरं ते पानी पियायलेत. माजं घर पियायलंय."

"कोळपणी तू केलीस. मी सांगितली होती का? चौकशी लागली तर नाव कुणाचं येईल?" साहेब पुन्हा हसतमुख झाले. "असं कर. पुढच्या वर्षी विहिरीजवळचं रानही आधी कोळपून घे आणि मग पाण्याचा नमुना काढ. म्हणजे सगळीकडे एकसारखेपणा राहील."

व्यंकटीने त्या माणसाकडे पाहिलं. गोरंगोमटं तोंड, खिशाला दोन पेन, अंगाला सुगंधी पावडरीचा वास. कुजलेलं जनावर बरं, ते निदान वासाने सांगतं तरी की मी कुजलोय म्हणून.

महिन्याच्या आत सरकारी पत्र आलं. तात्यारावांनी ते पारावर मोठ्यांदा वाचून दाखवलं: हिवरवाडीच्या विहिरीचं पाणी तपासलं असून ते पिण्यास योग्य आहे. कागदी घोडा गावात नाचून गेला, लोकांनी माना डोलावल्या. व्यंकटी चार लोकांत बोलायला गेला तर तात्याराव म्हणाले, "साहेबाला कळंना अन् तुला कळतंय व्हय रे व्यंकट्या? गिरमिट फिरवून शास्त्रज्ञ झाला का तू?" लोक पोट धरून हसले.

घरात तरी काय वेगळं होतं? त्याने कडूबाईला सांगितलं, "विहिरीचं पानी बंद. हापशाचं आन. ते साफ हाय, म्या सोता आकडा बगितलाय."

कडूबाई चुलीपुढून उठली. "त्या वस्तीतलं पानी? माज्या चुलीवर? आवं, सोयरेधायरे काय म्हनतील?"

"मरशील, कडे."

"मरंल तर आपल्या पान्यानं मरंल."

मग त्याने स्वतःच दोन घागरी उचलल्या. बाप्या माणूस पाणी वाहतो, तेही भीमनगरातून, म्हणून रस्त्यात लोक थांबून बघायला लागले. त्याने घागरी आणून रांजणाशी ठेवल्या. तो हातपाय धुऊन येईपर्यंत कडूबाईने त्या म्हशीच्या डोणीत ओतल्या होत्या आणि घागरी चिंचेने घासायला घेतल्या होत्या. त्या दिवशी व्यंकटीला पहिल्यांदा आपल्या बायकोचा वीट आला. औषधाचा वास हिच्या नाकाला लागत नव्हता आणि नसलेला विटाळ मात्र दहा पावलांवरून कळत होता. आणि हे तिचं एकटीचं नव्हतं, अख्ख्या गावाचं नाक एका साच्यातून काढलेलं होतं. नऊ वर्षं त्याचं तरी कुठे वेगळं होतं?

तिसऱ्या पाळीला कडूबाई आडवी झाली. सहा दिवस उलट्या, हाताला कापरं, तोंडातून लाळ; भाकरी थापायला बसली तर पीठ हातातून निसटे. मानवतच्या डॉक्टरने उन्हाचा तडाखा म्हणून पिवळ्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्याही तिने विहिरीच्या पाण्याबरोबर घेतल्या. व्यंकटीने हापशाचं पाणी तोंडाशी नेलं की दात घट्ट मिटून घेई. सातव्या दिवशी ती उठून बसायची बंद झाली, तेव्हा व्यंकटीला कळून चुकलं की आता ती आकड्याने ऐकायची नाही, रागाने नाही आणि गयावया करूनही नाही. तिला आणि गावाला त्या विहिरीची किळस आणायची, एवढा एकच उपाय उरला.

कालव्याच्या रस्त्यावर ट्रकखाली आलेलं एक कुत्रं दोन दिवस पडून होतं. वैशाखाच्या भर दुपारी गाव दारं लावून पडलेलं असताना व्यंकटी तिथे गेला. ताकातल्या केसाने ज्याचं जेवण सुटे त्या माणसाने ते फुगलेलं, अळ्या पडलेलं धूड कासऱ्याचा तुकडा पायाला बांधून ओढत आणलं, दोन्ही हातांनी उचललं आणि विहिरीत लोटलं. खालून धप्प असा आवाज आला. मग कालव्यावर जाऊन त्याने मातीने हात चोळचोळ चोळले आणि पारावर येऊन बसला. लोकांना वाटेल कुत्रं आपसूक पडलं, शिव्या घालतील, विहीर सुटेल. इतका साधा हिशेब त्याने केला होता. कासरा पायालाच राहिला, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

चार वाजता पाण्याला गेलेल्या बायकांनी हंबरडा फोडला. घटकाभरात पार माणसांनी भरला. कासरा दिसला होता, म्हणजे कुत्रं पडलं नव्हतं, कुणीतरी टाकलं होतं. कुणी, हे गावाने विचारलंच नाही. विचारायची गरजच पडत नसे तेव्हा. परभणीला मोर्चे निघत होते, भिंतींवर नामांतराच्या घोषणा होत्या, आणि गावातल्या निम्म्या लोकांची डोकी वर्षानुवर्षं तापलेलीच होती. तात्याराव एवढंच म्हणाले, "हापसा दिला तरी ह्यांचं पोट भरंना. आता आपली विहीर बाटवली." त्यावर जमाव उठला. कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात काठी.

व्यंकटी पारावर बसून राहिला. त्याला वाटलं, ओरडतील आणि परत येतील. मग वाटलं, तात्याराव आवरतील. मग वाटलं, मी बोललो तर कडूबाईला या गावात कोण उभं करील? लोक शाळेच्या भिंतीपाशी वळले, दिसेनासे झाले, आणि भीमनगराकडून कौलं फुटल्याचा आवाज आला. एक बाई ओरडली. तेव्हा तो उठला आणि धोतर सावरत धावत सुटला.

"म्या टाकलंय! आरं थांबा, कुत्रं म्या टाकलंय!"

आधी कुणी ऐकेना. तात्यारावांनी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. "ह्यायला वाचवायला कामून झूट बोलायलास?"

व्यंकटीने दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. "घ्या वास. घ्या की." तात्याराव दोन पावलं मागे सरले. "तो कासरा माज्या म्हशीचा हाय. राहिलेला तुकडा गोठ्यात खुंट्याला हाय, जाऊन बगा. विहिरीत औषध उतरायलंय, कडू मरायलीय, तुमी कुनीच ऐकंनात, म्हनून टाकलं."

दोघं गोठ्याकडे धावत जाऊन तुकडा घेऊन आले. मग जी काही पायताणं होती ती सगळी व्यंकटीवर पडली. मारून दमल्यावर लोकांनी त्यालाच विहिरीत उतरवलं, कुत्रं काढायला लावलं, शिवेबाहेर पुरायला लावलं. दुसऱ्या दिवशी इंजिन लावून विहीर उपसली, नारळ फोडला, पुरोहिताने मंत्र म्हटले. पण झालं भलतंच. विहीर लखलखीत झाली तरी बायकांना पोहऱ्यात कुत्रं दिसायला लागलं. एक शेंदी आणि ओतून देई, दुसरी काठावरूनच परत फिरे. मनात बसलेली घाण इंजिनाने उपसली जात नाही. साहेबाच्या प्रयोगशाळेला जे जमलं नाही, सरकारी पत्राने जे उलटंच केलं, ते एका मेलेल्या कुत्र्याने आठ दिवसांत करून दाखवलं. तात्यारावांच्या घरचे बैलगाडीवर पिंप ठेवून दुसऱ्या गावाहून पाणी आणू लागले. बाकीच्यांना बैलगाडी नव्हती, त्यांनी हापसा धरला.

गावाने व्यंकटीशी बोलणं टाकलं. केंद्रातून त्याला कमी केलं, कारण विचारायला तो गेलाही नाही. सितारामची सायकल एकटीच शीव ओलांडू लागली. कडूबाई मात्र सुधारली. विहीर सुटली, दुसरं पाणी मिळेना, म्हणून तिने डोळे मिटून हापशाचं प्यायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत उठून बसली, तिसऱ्या आठवड्यात चालायला लागली. नवऱ्याशी बोलली मात्र नाही. एका सकाळी तिने घागर घेतली आणि डोक्यावरून पदर ओढून स्वतः हापशाकडे निघाली. व्यंकटी लांबून तिच्या मागे गेला.

हापशावर गावच्या बायकांची रांग होती. भीमनगरातल्या बायका घागरी घेऊन एका अंगाला उभ्या होत्या, त्यांच्याच हापशावर आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत. गावची प्रत्येक बाई पुढे झाली की पदराच्या गाठीतली राख सोडी, हापशाचं तोंड आणि दांडा खसाखसा घासी, दोन घागरी पाणी वाहून जाऊ देई आणि मग आपली भरे. कडूबाईचा नंबर आला. महिन्यापूर्वी ज्यांना पीठ धरवत नव्हतं त्या हातांनी तिने सगळ्यांत जास्त वेळ घासलं.

व्यंकटीला ते बघवेना. तो तोंड फिरवून सितारामच्या दाराकडे गेला. कौलं अजून फुटलेली होती. ओट्यावर सितारामची आई गोजरबाई बसली होती, डाव्या डोळ्यावर फडकं बांधून. दगड तिला लागला होता. परभणीच्या दवाखान्यातून तिला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, डोळा राहिला नाही. सिताराम तिच्या शेजारी उकिडवा बसून काथ्या वळत होता.

"सिताराम, बायायनी काय चालवलंय बग," व्यंकटी म्हणाला. "घासायलेत हापसा. इखार पियाले तवा कुनी भांडं घासलं न्हाई. मला लय घान वाटायलीय रे ह्या लोकायची."

"घासू द्या, दादा. लोखंड हाय, झिजत न्हाई."

"तुला राग येत न्हाई?"

सितारामने काथ्या खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "एक इचारू? त्या दिवशी लोक पारावरून निगाले, तवा तुमी तितंच व्हते ना?"

"व्हतो."

"कुत्रं कुनी टाकलं ते तुमाला ठावं व्हतं. पारापून आमच्या दारापतुर याया वेळ लागतो. शाळंला वळसा हाय." त्याने आईकडे पाहिलं. गोजरबाईने आवाजाच्या दिशेने मान वळवली होती, उरलेला डोळा व्यंकटीवर होता. "लोक निगाल्यापून मायच्या डोळ्यात दगड बसस्तवर तुमी काय करत व्हते?"

हापशावर कडूबाईची घागर भरून वाहत होती. व्यंकटीला खोटं सुचलं असतं तर तो बोलला असता.

"तंबाखू मळत व्हतो," तो म्हणाला.